प्री-अप्रूव्ह्ड क्रेडिट कार्ड: पुण्यात पहिली नोकरी लागलेल्यांनी अर्जाआधी काय करावं

एकाच कंपनीत, एकाच दिवशी, एकाच पगारावर दोघं रुजू होतात. सहा-आठ महिन्यांनी एकाच्या बँकेच्या ॲपमध्ये ‘तुमच्यासाठी ८०,००० रुपयांचं प्री-अप्रूव्ह्ड क्रेडिट कार्ड’ अशी पट्टी झळकते, दुसऱ्याच्या ॲपमध्ये काहीच नाही. हिंजवडीत, खराडीत, चाकणच्या कारखान्यांत हे नेहमी घडतं. मग तो दुसरा मॉलमधल्या स्टॉलवर, दोन वेबसाइटवर आणि ऑफिसात आलेल्या एजंटाकडे मिळून चार अर्ज भरून टाकतो, आणि त्याचं काम आणखी लांबतं. प्री-अप्रूव्ह्ड ऑफर मागून मिळत नाही. तुमच्या नावावर ज्या नोंदी साठल्या आहेत त्या बघून बँक ती स्वतःहून काढते. तुमच्या हातात एवढंच असतं: त्या नोंदी नीट करायच्या, आणि उतावीळपणे बिघडवायच्या नाहीत.

बँक हे असं करते. ठरावीक काळाने, बहुतेक ठिकाणी महिन्याला, ती आपल्या खातेदारांची यादी चाळते. पगार जमा होतो का, खात्यात सरासरी किती शिल्लक राहते, एखादा हप्ता परत गेला का, केवायसी चालू आहे का आणि क्रेडिट ब्युरोमधला (म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीतला) स्कोअर किती, या चाळणीतून जे खाली उतरतात त्यांना एक मर्यादा ठरवून दिली जाते. ही चाळणी लावताना तुमच्या स्कोअरला धक्का लागत नाही. ऑफरला मुदत असते, पुढच्या महिन्याच्या यादीत नाव नसेल तर पट्टी गायब होते. आणि पट्टी दिसली म्हणजे कार्ड मिळालंच असंही नाही. ‘स्वीकारा’ दाबल्यावर बँक शेवटची तपासणी करते आणि त्यात नकार येऊ शकतो.

प्री-अप्रूव्ह्ड आणि ‘पात्रता तपासा’ या दोन गोष्टींत गल्लत करू नका. दुसऱ्या प्रकारात तुम्ही पॅन, पगार आणि पिनकोड भरता आणि वेबसाइट अंदाज सांगते. तो अंदाजच असतो, कारण तुमच्या खात्याचे व्यवहार त्या वेबसाइटने पाहिलेले नसतात.

पायरी १: आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा

भारतात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतो, पण तुमची बँक कोणता ब्युरो बघते ते तुम्हाला आधी ठाऊक नसतं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक ब्युरोने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह मोफत द्यायचा असतो. म्हणजे वर्षाला चार. ब्युरोच्या वेबसाइटवर पैसे भरायची वर्गणी समोर येते, ती न घेता मोफत वार्षिक रिपोर्टाचा पर्याय शोधा. दर तीन महिन्यांनी एका ब्युरोचा रिपोर्ट काढला तर वर्षभर लक्ष राहतं आणि खर्च शून्य. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या वर असेल तर बहुतेक बँका ऑफरच्या यादीत घेतात. ज्याने कधीच कर्ज किंवा कार्ड घेतलेलं नाही त्याच्या रिपोर्टावर स्कोअरच्या जागी ‘उणे एक’ किंवा ‘एनएच’ (नो हिस्ट्री) असं छापलेलं असतं. ते वाईट नाही, कोरं आहे. पण कोऱ्या पाटीवर बँक सहज विश्वास टाकत नाही, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्डांवरच्या येणे रकमेचं जोखीम-वजन १२५ वरून १५० टक्क्यांवर नेल्यापासून प्रत्येक कार्डामागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. नव्या माणसाला कार्ड देताना बँका हात आखडता घेतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

रिपोर्ट हातात आला की स्कोअरच्या आकड्यावर न थांबता पुढची पानं वाचा. नेमकं काय शोधायचं?

नाव, जन्मतारीख आणि पॅन. आपल्याकडे हा घोळ फार आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण, बँकेत फक्त आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आणखी एक आवृत्ती. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी नोंदी जुळवताना अडचण येऊ शकते, आणि तुमचं व्यवस्थित फेडलेलं कर्ज तुमच्या नावावर दिसतच नाही. पॅन, आधार आणि बँक खातं या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखं करून घ्या. पॅन आधारला जोडलेलं आहे का तेही बघा. निष्क्रिय पॅनवर अर्ज अडकतो.

तुमच्या ओळखीची नसलेली खाती. मोबाइल किंवा मिक्सर ‘बिनव्याजी हप्त्यावर’ घेतला असेल तर ते कर्जच आहे आणि रिपोर्टात दिसतं. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ प्रकारची ॲप वापरली असतील तर त्यांच्या मागेही एखादी वित्त कंपनी असते आणि तिची नोंद येते. तीनशे रुपयांचं विसरलेलं बिलही थकबाकी म्हणून लागू शकतं.

जामीनदारी. गावाकडे चुलत्याच्या ट्रॅक्टरसाठी किंवा मित्राच्या गाडीसाठी बँकेत सही केली असेल तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टात असतं आणि त्याने हप्ते चुकवले की डाग तुमच्याकडेही येतो. नातं जपायला केलेल्या सहीचं ओझं बऱ्याच जणांना पहिल्यांदा इथेच कळतं, म्हणून हे पान अजिबात गाळू नका.

हप्त्यांचा तक्ता. प्रत्येक खात्याखाली महिनावार चौकटी असतात. त्यात तीन शून्यं किंवा ‘एसटीडी’ (स्टँडर्ड) असेल तर ठीक. ०३०, ०६०, ०९० असे आकडे म्हणजे इतके दिवस उशीर. खात्याच्या स्थितीत ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेलं) असेल तर ऑफर जवळपास विसरा. ‘सेटल्ड’ हा शब्द ऐकायला बरा वाटतो, पण त्याचा अर्थ तुम्ही पूर्ण रक्कम फेडली नाही, बँकेने तडजोड केली, असा होतो. उरलेली रक्कम भरून नो-ड्यूज प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते खातं ‘क्लोज्ड’ करवून घ्यायचं, हाच त्यावर उपाय.

शेवटचा भाग चौकश्यांचा. तुम्ही कुठे कुठे अर्ज केले ते तारखेसह इथे दिसतं.

चूक सापडली तर त्याच ब्युरोच्या वेबसाइटवर ऑनलाइन तक्रार नोंदवा, त्याला पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी ब्युरोला किमान दर पंधरवड्याला माहिती कळवायची आहे, म्हणून दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर उमटते. तरी तक्रार आणि ऑफर यांच्यात किमान दोन महिन्यांचं अंतर धरून चाला.

एक गोष्ट रिपोर्टात दिसणार नाही: भिशी. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भिशी भरली तरी ब्युरोला त्याचा पत्ता नसतो. पुष्कळ पतसंस्थांच्या आणि कंपनीतल्या पगारदार सोसायट्यांच्या कर्जाचंही तसंच. नागरी सहकारी बँकेचं कर्ज मात्र नोंदलं जातं.

पायरी २: पगाराचं खातं बँकेच्या नजरेत ‘पगाराचं’ आहे का?

ऑफर न येण्याची अगदी साधी पण नेहमीची कारणं इथे असतात. कंपनीने तुमच्यासाठी उघडलेलं खातं बहुतेक वेळा पगार खातं म्हणून नोंदलेलं असतं. पण तुम्ही कॉलेजात असताना उघडलेलं बचत खातंच कंपनीला दिलं असेल, किंवा भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत ठेकेदारामार्फत काम करत असाल आणि पैसे साध्या एनईएफटीने येत असतील, तर बँकेच्या यंत्रणेला तो पगार आहे हे कळतच नाही. नियुक्तिपत्र आणि शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती घेऊन शाखेत जा आणि खातं पगार खात्यात बदलता येतं का ते विचारा. कंपनीचं त्या बँकेशी नातं नसेल तर नाही म्हणतील. मग निदान नोकरीची माहिती आणि वार्षिक उत्पन्न तुमच्या प्रोफाइलमध्ये अद्ययावत करून घ्या. विद्यार्थी असताना भरलेलं ‘उत्पन्न: शून्य’ वर्षानुवर्षं तसंच पडून असतं.

नोकरी बदलली की जुन्या बँकेतला पगार थांबतो आणि दोन-तीन महिन्यांत ते खातं साधं बचत खातं होतं. नव्या बँकेत तुम्ही पुन्हा नवखे. म्हणून नोकरी बदलण्याच्या बेतात असाल आणि जुन्या बँकेची ऑफर समोर असेल तर विचार आधीच करा. पण राजीनामा दिल्यावर चालू नोकरी दाखवून कार्ड घेऊ नका. ती खोटी माहिती ठरते.

खात्यातली हालचालही बघा. पगार एक तारखेला आला आणि तीन तारखेला यूपीआयने सगळा दुसऱ्या खात्यात गेला, तर सरासरी शिल्लक शून्याजवळ राहते. पंधरा-वीस हजार रुपये महिनाभर खात्यात टिकले तर चित्र वेगळं दिसतं. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर ते ब्युरोत जात नाही, पण तुमची बँक पाहते आणि वर दंडही लावते. हप्त्यांची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा, महिनाअखेर नको.

पायरी ३: पत्ता पुण्याचा करा

लातूर, नांदेड, सोलापूर, जळगावहून आलेल्यांची ऑफर पत्त्यावर अडते हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. बँका ठरावीक पिनकोडलाच कार्ड देतात. तुमचा खात्यातला पत्ता गावचा असेल आणि तो पिनकोड यादीत नसेल, तर तुम्ही कोथरूडमध्ये राहून ऐंशी हजार कमावत असलात तरी यंत्रणा तुम्हाला गावचेच समजते. खात्यातला पत्रव्यवहाराचा पत्ता ४११ ने सुरू होणाऱ्या पुण्याच्या पिनकोडचा करून घ्या.

पुरावा म्हणून नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार लागतो. महाराष्ट्रात तो ऑनलाइन नोंदवता येतो आणि नोंदणी करायलाच हवी. चारजण मिळून फ्लॅट घेतला असेल तर करारात चौघांची नावं घाला. एकाच्याच नावावर करार असला की उरलेले तिघं कागदोपत्री बेघर ठरतात. पीजीत राहणाऱ्यांकडे करार नसतो. त्यांनी कंपनीच्या एचआरकडून राहण्याच्या पत्त्याचं पत्र मिळतं का ते पाहावं, आणि बँक ते स्वीकारते का हे शाखेत आधी विचारावं. पर्याय म्हणजे कार्ड ऑफिसच्या पत्त्यावर मागवणं. बऱ्याच बँका ते मान्य करतात.

आधारवरचा पत्ता बदललाच पाहिजे असं प्रत्येक वेळी नसतं. आधारने ई-केवायसी करताना सध्याचा पत्ता वेगळा असेल तर स्वयंघोषणा देण्याची सोय नियमात आहे. तरी दोन-तीन वर्षं पुण्यात राहायचं नक्की असेल तर आधार बदलून टाका, पुढच्या सगळ्या कामांत सोपं जातं.

पायरी ४: पाटी कोरी असेल तर मुदत ठेवीवरचं कार्ड

स्कोअर ‘उणे एक’ असेल आणि ऑफर येत नसेल तर वाट बघत बसण्यापेक्षा हा मार्ग चांगला, आणि आमच्या मते बहुतेक नवख्यांसाठी हाच योग्य. बँकेत मुदत ठेव करायची, तिच्यावर बोजा ठेवून बँक कार्ड देते. मर्यादा साधारण ठेवीच्या ७५ ते १०० टक्के. समजा २५,००० ची ठेव केली आणि बँक ८० टक्के देत असेल तर २०,००० ची मर्यादा. ठेवीवर व्याज चालूच राहतं. पगारपत्रक लागत नाही, म्हणून सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना किंवा नुकत्याच इंटर्नशिपला लागलेल्यांनाही हे मिळू शकतं. ब्युरोत ही नोंद इतर कार्डांसारखीच होते.

वापरायचं कसं? २०,००० च्या मर्यादेवर महिन्याला चार ते सहा हजार. मोबाइल रिचार्ज, वीजबिल, किराणा, पेट्रोल. बिल आलं की पूर्ण भरायचं. साधारण सहा महिन्यांत स्कोअर उभा राहतो, वर्षभरात तो ऑफरच्या पातळीवर येऊ शकतो. नवं कार्ड मिळालं म्हणून हे लगेच बंद करू नका. तुमच्या रिपोर्टातली सगळ्यात जुनी नोंद हीच असणार आहे आणि जुन्या खात्याला स्कोअरमध्ये मोल असतं.

घरच्यांच्या कार्डावर ॲड-ऑन कार्ड घेतलं तर खर्चाची सोय होते, पण जबाबदारी मूळ कार्डधारकाची आणि इतिहासही बहुतेक त्याचाच बनतो. स्वतःचा स्कोअर उभा करायला त्याचा भरवसा धरू नका.

व्यवसाय करणाऱ्यांसाठी दोन शब्द. तुळशीबागेत दुकान असो की घरून डिझाइनची कामं, बँकेला आयकर विवरणपत्र लागतं, शक्यतो सलग दोन वर्षांचं. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी विवरणपत्र भरा. क्यूआर कोडवर येणारे पैसे चार खात्यांत वाटून घेऊ नका. एकाच खात्यात येऊ द्या, म्हणजे निदान त्या बँकेला तुमचा धंदा दिसेल.

पायरी ५: ऑफर कुठे शोधायची

सुरुवात स्वतःच्या बँकेच्या ॲपमधून: कार्ड किंवा ऑफर्सचा विभाग उघडा. नेटबँकिंगमध्ये वेगळी पट्टी असते, ती ॲपमध्ये नेहमी दिसेलच असं नाही. एटीएमच्या पडद्यावरही कधी कधी ऑफर येते. तरी काही दिसलं नाही तर शाखेत जाऊन खाते क्रमांक देऊन ‘माझ्यावर कार्डाची ऑफर आहे का’ एवढंच विचारा. ऑफर नसेल तर अर्ज भरू नका, निघून या. समोरचा माणूस ‘करून बघू’ म्हणेल, त्याला महिन्याचं उद्दिष्ट गाठायचं असतं. ‘करून बघू’ची चौकशी मात्र तुमच्या रिपोर्टात राहते.

दुसरी बँक असेल तर आधी तिच्याच वेबसाइटवर पात्रता तपासा आणि ‘पुढे’ दाबण्याआधी संमतीचा मजकूर वाचा. प्राथमिक तपासणीचा उल्लेख आहे की अर्जासाठी ब्युरोकडून रिपोर्ट मागवण्याचा, ते तिथे लिहिलेलं असतं. अर्जाची चौकशी स्कोअर थोडा खाली आणते. एकीने फारसं बिघडत नाही. महिन्यात चार-पाच झाल्या की बँकेला वाटतं, या माणसाला पैशांची निकड आहे. कुणी तुमचा रिपोर्ट मागवला की ब्युरोने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो. न केलेल्या अर्जाचा असा संदेश आला तर त्याच दिवशी तक्रार करा.

फोनवरच्या ‘प्री-अप्रूव्ह्ड’ला भुलू नका. कार्ड देण्याआधी खरी बँक पैसे मागत नाही, फी असेल तर ती पहिल्या बिलात येते. ओटीपी, सीव्हीव्ही किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल यातलं काहीही मागितलं किंवा पाठवलं की फोन ठेवा आणि बँकेच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन बघा. ऑफर खरी असेल तर तिथे दिसेलच. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम रोखून धरण्याची शक्यता जास्त असते.

पायरी ६: ‘स्वीकारा’ दाबण्याआधी आणि नंतर

एक पानी की फॅक्ट स्टेटमेंट उघडा. बँकेने ते देणं बंधनकारक आहे. त्यात व्याजदर, सुरुवातीची (जॉइनिंग) फी, वार्षिक फी आणि उशिराचा आकार दिलेला असतो. वार्षिक फी ४९९ लिहिली असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये होतात. ‘लाइफटाइम फ्री’ हे एजंटाच्या तोंडचं ऐकू नका, अटींमध्ये वार्षिक फीसमोर शून्य आहे का ते बघा. वर्षात अमुक खर्च केला तर फी माफ, असं असेल तर ते फुकट नव्हे. विमा, कार्ड सुरक्षा योजना, मर्यादेपलीकडे खर्चाची परवानगी यांच्या चौकटींत आधीच खूण असेल तर ती काढा. मर्यादेपलीकडचा खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला चालू करता येत नाही.

मर्यादा जास्त दिली म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि हुरळून जायचंही नाही. ती तुमची कमाई नव्हे. पण जास्त मर्यादेवर तेवढाच खर्च केला तर वापराचं प्रमाण कमी दिसतं आणि ते स्कोअरला चांगलं. ६०,००० च्या मर्यादेवर बिल तयार होताना ५१,००० बाकी असतील तर वापर ८५ टक्के दिसतो, जरी तुम्ही नंतर सगळे भरले तरी. मोठी खरेदी झाली असेल तर बिलाच्या तारखेआधीच काही रक्कम भरून वापर ३० टक्क्यांच्या आत आणा.

कोणत्या नेटवर्कचं कार्ड हवं ते निवडता येत असेल तर रुपेचा विचार जरूर करा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे मंडईतल्या भाजीवाल्याच्या नसलं तरी दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं. एखाद्या व्यक्तीच्या वैयक्तिक खात्याला त्यातून पैसे पाठवता येत नाहीत.

मग व्हिडिओ केवायसी. मूळ पॅन कार्ड हातात हवं, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. कोरा पांढरा कागद आणि निळं किंवा काळं पेन, कारण समोर सही करायला सांगतात. फोनचं लोकेशन चालू, व्हीपीएन बंद. कंपनीच्या लॅपटॉपवरून किंवा ऑफिसच्या वाय-फायवरून प्रयत्न केले की बऱ्याचदा इथेच गाडी अडते. चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा, मागे दुसरं कुणी नको. विचारलेली जन्मतारीख आणि पत्ता अर्जातलाच सांगा. बस किंवा कॅबमधून कॉल घेऊ नका, नेटवर्क तुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

कार्ड कुरिअरने येतं आणि ओळखपत्र बघूनच देतात. वाकड-हिंजवडीच्या मोठ्या सोसायट्यांत कुरिअरवाला गेटवरूनच परत जातो, सुरक्षारक्षकाकडे कार्ड ठेवत नाही. ट्रॅकिंगचा संदेश आल्यावर त्या दिवशी फोन उचला. कार्ड जारी झाल्यापासून ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने ओटीपीने तुमची संमती मागायला हवी, आणि तुम्ही ती दिली नाही तर एक पैसाही न घेता खातं बंद करायला हवं. न मागितलेलं कार्ड माथी मारून त्याचं बिल लावलं तर बिल रद्द करून वर दुप्पट दंड बँकेने तुम्हाला द्यायचा, असं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत स्पष्ट आहे.

नकार आला तर

कारण लेखी मागा, ते सांगणं बँकेवर बंधनकारक आहे. ‘अंतर्गत धोरण’ असं मोघम उत्तर आलं तर ईमेलने पुन्हा विचारा. नेहमीची कारणं म्हणजे अर्जातला पगार आणि खात्यात येणारी रक्कम जुळत नाही, कंपनी बँकेच्या यादीत नाही, नोकरीला पुरेसे महिने झालेले नाहीत, चालू हप्ते पगाराच्या मानाने जास्त आहेत, किंवा अलीकडे फार चौकश्या आहेत. अर्जात पगार भरताना सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) नव्हे, हातात येणारी रक्कम भरा. बारा लाखांच्या पॅकेजवाल्याच्या खात्यात महिन्याला लाख रुपये येत नाहीत, हे बँकेला चांगलं ठाऊक असतं.

त्यानंतर तीन ते सहा महिने दुसरा अर्ज नाही. तोवर कारण दूर करा. तक्रार करूनही बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर मोफत दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कार्ड द्यायचं की नाही हा बँकेचा अधिकार आहे, लोकपाल कार्ड मिळवून देणार नाही. पण चुकीची नोंद, न दिलेलं कारण, न मागता लावलेली फी यांवर दाद लागते.

पहिल्या तीन बिलांत काय जपायचं

पहिलं बिल वाटतं त्यापेक्षा लवकर येऊ शकतं. समजा बिलाची तारीख १२ आणि भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची १ तारीख. १३ फेब्रुवारीला केलेल्या खरेदीला १ एप्रिलपर्यंत ४७ दिवस मिळतात. ११ मार्चच्या खरेदीला फक्त २१. मोठी खरेदी बिलाच्या दुसऱ्या दिवशी करा.

बिलात दोन रकमा असतात: एकूण आणि किमान. किमान भरली की उशिराचा आकार लागत नाही, व्याज मात्र लागतं. ४०,००० च्या बिलावर २,००० भरले तर उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी १,३३० रुपये, त्यावर जीएसटी २३९, म्हणजे जवळपास १,५७० रुपये एका महिन्याचे. वर्षाचा दर ४२ टक्के. शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून मोठा निघतो, आणि जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

म्हणून पगार खात्यातून ‘पूर्ण रक्कम’ आपोआप कापून जाईल अशी सूचना पहिल्याच दिवशी देऊन ठेवा. फॉर्ममध्ये ‘किमान रक्कम’ आधीच निवडलेली असेल तर ती बदला. मुदत चुकलीच तर तीन दिवसांच्या आत भरा. थकबाकी तीन दिवसांहून जास्त राहिली तरच बँक उशिराचा आकार लावू शकते आणि ब्युरोला कळवू शकते.

कार्ड नकोसं झालं तर आधी सगळी बाकी भरा, मग बंद करण्याची विनंती लेखी किंवा ॲपवरून द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. बंद झाल्याचं पत्र जपून ठेवा आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून ते खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का ते तपासा.